परदेशात हॉस्पिटल इंटर्नशिपला जाताय? सांगली-मिरजेत बसूनच होणाऱ्या या चुका टाळा

परीक्षा जवळ आल्या की ज्युनियर पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. ताई केनियाला जायचंय, ताई युकेत ऑब्झर्व्हरशिप मिळतीय पण लेटर खरं आहे का बघ ना, ताई एजंट दीड लाख मागतोय देऊ का. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. मी स्वतः फायनलची परीक्षा आणि इंटर्नशिप सुरू होणं याच्या मधल्या गॅपमधे पश्चिम केनियातल्या एका सरकारी हॉस्पिटलला चार आठवडे जाऊन आलीये, माझ्या बॅचचे दोघंतिघं दुसरीकडे गेले होते. आणि खरं सांगते, तिकडं जाऊन जे अडलं त्यातलं निम्म्याहून जास्त इथं सांगलीत विश्रामबागच्या रूमवर बसून करायचं राहिलेलं काम होतं.

सगळ्यात मोठी चूक आधी. आपण नक्की काय म्हणून चाललोय हेच पोरांना माहीत नसतं. इंटर्नशिप, इलेक्टिव्ह, ऑब्झर्व्हरशिप, व्हॉलंटिअर हे सगळे शब्द एकच समजून अर्ज करतात. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही. इलेक्टिव्ह म्हणजे तुम्ही अजून विद्यार्थी आहात आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली शिकताय. युकेच्या व्हिजिटर व्हिसावर मेडिकलची इलेक्टिव्ह करता येते, पण ती बिनपगारी असली पाहिजे आणि पेशंटवर उपचार करायचे नाहीत, हे नियमातच आहे. अमेरिकेत हातानं काम करू देणारी इलेक्टिव्ह साधारण डिग्री हातात पडायच्या आधीच मिळते, पास झाल्यावर बहुतेक ठिकाणी नुसती ऑब्झर्व्हरशिपच उरते, त्यामुळं "आधी पास होऊ मग निवांत बघू" म्हणणारे तिथंच चुकतात.

आणि एमबीबीएसवाल्यांनी हे नीट ऐका. आपली जी बारा महिन्यांची कंपल्सरी इंटर्नशिप आहे त्यात परदेशातले चार आठवडे धरले जातील असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. २०२१ च्या एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) नियमात इंटर्नला रजाच वर्षाला १५ दिवस आहे. त्यापेक्षा जास्त दिवस गेलात तर तेवढी इंटर्नशिप लांबते आणि मग पीजीच्या तारखांशी भांडत बसावं लागतं. म्हणून गॅपमधे जा किंवा सुट्टीत जा, आणि जायच्या आधी डीन ऑफिसकडून एनओसी आणि बोनाफाइड लेखी घ्या. "सर हो म्हणालेत" याला परदेशात काडीची किंमत नाही. नर्सिंग आणि फिजिओच्या पोरांनी पण आपापल्या कॉलेजकडून हे लेखीच घ्यावं.

एजंट आणि पैसे

माझ्या ओळखीच्या एका मुलीनं एका एजंटला पैसे भरले, दुसऱ्या शहरातला होता, नाव घेत नाही. लेटर आलं, शिक्का होता, सही होती. तिनं सहज म्हणून त्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचा मेल आयडी काढून थेट विचारलं तर उत्तर आलं की आमच्याकडं अशा कुणाची नोंद नाही. पैसे परत मिळवायला आठ महिने गेले, तेही अर्धेच मिळाले. घरच्यांनी सोसायटीतनं कर्ज काढलेलं. म्हणून लेटर आलं की एजंटनं दिलेल्या नंबरवर नाही, हॉस्पिटलच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या स्वतःच्या मेलवर विचारा: मी अमुक तारखेला अमुक वॉर्डला येतोय, माझे सुपरव्हायझर कोण, मला काय काय करू देणार, तुमच्या देशातल्या मेडिकल कौन्सिलची परवानगी लागते का, लागत असेल तर ती कोण काढणार. या मेलला आठ-दहा दिवसात सरळ उत्तर येत नसेल तर पुढचा हप्ता भरू नका. मेडिकलच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी संघटनांचे एक्स्चेंज पण असतात, आयएफएमएसए ही जगभरच्या मेडिकल विद्यार्थी संघटनांची शिखर संस्था १९५१ पासून आहे, तिच्यातर्फे चार आठवड्यांची क्लिनिकल एक्स्चेंज होतात, कॉलेजमधे आधी कुणी गेलंय का विचारा.

नावाचा घोळ

हा खास आपल्याकडचा प्रॉब्लेम आहे. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर सरनेम वेगळ्या रकान्यात आणि नाव वेगळ्या. तिकडचा क्लार्क मार्कशीट बघतो आणि पहिला शब्द म्हणजे फर्स्ट नेम समजून लेटर बनवतो. माझ्या लेटरवर वडिलांचं नाव सरनेम म्हणून आलेलं, आणि ते मला फॉर्म भरायला बसल्यावर रात्री साडेअकराला दिसलं. लेटर दुरुस्त होऊन यायला बारा दिवस. त्यामुळं अर्जाबरोबर मार्कशीट पाठवायच्या आधी पासपोर्टचं पहिलं पान पाठवा आणि मेलमधे स्पष्ट लिहा की लेटरवर नाव पासपोर्टप्रमाणेच टाका. लेटर, तिकीट, इन्शुरन्स, व्हिसा, सगळीकडं एकच नाव, एकच स्पेलिंग.

पासपोर्टच नसेल तर आज अर्ज करा. पोलीस व्हेरिफिकेशनला तुम्ही मिरजेच्या होस्टेलला आणि पत्ता जतचा असं झालं की काम लोंबकळतं. असेल तर परत यायच्या तारखेनंतर सहा महिने तरी व्हॅलिड आहे का बघा. युरोपच्या शेंगेन व्हिसाला कमीत कमी ३०,००० युरोचं मेडिकल इन्शुरन्स लागतं आणि कुठल्याही १८० दिवसात ९० दिवसच राहता येतं. बाकी व्हिसाचं प्रत्येक देशाचं वेगळं असतं, त्या त्या सरकारच्या साइटवरच वाचा, रील बघून ठरवू नका.

लसी, म्हणजे कॅलेंडर

इथं वेळ विकत मिळत नाही म्हणून जास्त लिहितीये. हिपॅटायटीस बी चे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. म्हणजे कोर्स झाला नसेल तर सहा महिने तसेच गेले. फर्स्ट इयरला घेतलेत म्हणणाऱ्यांकडं कागद नसतो, मग टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट, करायला लागतो, त्यात अँटी-एचबीएस (हिपॅटायटीस बी ची अँटीबॉडी) १० च्या वर पाहिजे. माझा टायटर कमी आला आणि बूस्टर घेऊन परत टेस्ट करेपर्यंत माझा जीव टांगणीला होता. गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, कांजिण्या, धनुर्वात, याचं रेकॉर्ड बरीच हॉस्पिटलं मागतात. टीबीची स्किन टेस्ट मागितली तर घाबरू नका, आपण सगळे बीसीजी घेतलेले, त्यामुळं ती पॉझिटिव्ह येऊ शकते, रक्ताची इग्रा टेस्ट चालेल का असं आधीच विचारा.

आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणार असाल तर यलो फीवर. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरवरच मिळते, ठरलेले वार असतात, आम्ही त्यासाठी मिरजेहून रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलो. प्रवासाच्या कमीत कमी १० दिवस आधी घ्यावी लागते, कारण सर्टिफिकेट दहाव्या दिवसानंतर लागू होतं. २०१६ पासून एकदा घेतली की आयुष्यभर चालते. पोरं समजतात की केनियात शिरताना विचारतील, पण खरा प्रश्न परत येताना मुंबई एअरपोर्टवर असतो, लसीचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करतात. ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आत ठेवा, मोठ्या बॅगेत नाही.

वॉर्डमधल्या चुका

मिरजेत आपल्या ओपीडीला अथणी-चिकोडीकडचे पेशंट येतात आणि आपण "एल्ली नोवु" एवढं कन्नड तरी शिकतोच, कुठं दुखतंय विचारायला. मग परदेशात जाताना सगळ्यांना इंग्लिश येत असेल असं का धरून चालायचं? मी स्वाहिलीची चाळीस-पन्नास वाक्यं वहीत लिहून नेलेली. "उनाउम्वा वापी" म्हणजे कुठं दुखतंय. "पोले" म्हणजे, कसं सांगू, आपण कळवळून "अरेरे" म्हणतो ना तसं, दुखणाऱ्या माणसाला आधी पोले म्हणायचं आणि मग तपासायचं. पण शब्द येऊन पण चुकतोच. एका रात्री पेडियाट्रिक वॉर्डात एका बाळाच्या आईला विचारलं पॅरासिटामॉल कधी दिलं, ती म्हणाली "सा म्बिली". म्बिली म्हणजे दोन, एवढं मला येत होतं, मी कागदावर दोन वाजता लिहिलं. शेजारच्या सिस्टरनी माझ्या हातातलं पेन घेतलं, दोन खोडलं आणि आठ लिहिलं. तिथं दिवसाची वेळ सूर्य उगवल्यापासून आणि रात्रीची मावळल्यापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे पहिला तास, त्यामुळं त्यांचे दोन म्हणजे आपले आठ. सहा तासांचा फरक! त्या दिवसापासून मी प्रत्येक वेळेला घड्याळाचा काटा बोटानं दाखवून विचारायला लागले. तुम्ही जिथं जाल तिथं असलं काहीतरी असणारच, पहिल्या दिवशी सिस्टरना विचारा की इथं बाहेरची मुलं कशात चुकतात.

आता जे मला मनापासून सांगायचंय ते. चौथ्या दिवशी लेबर रूममधे एका बाईला टाके घालायचे होते. तिथले क्लिनिकल ऑफिसर (एमबीबीएस नसलेले, पण पेशंट तपासून उपचार करणारे) दुसऱ्या केसला गेलेले, मिडवाइफनी माझ्याकडं बघून ट्रे पुढं केला, डॉक्टर तुम्ही घाला. मी मिरजेत टाके घातलेले, पण प्रत्येक वेळी मॅडम पाठीशी उभ्या होत्या. ग्लोव्हज घातले, नीडल होल्डर हातात घेतला, आणि त्या बाईनं माझा मनगटाजवळचा ॲप्रन धरला. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. मी थांबले. म्हटलं मी विद्यार्थी आहे, कुणी शेजारी असल्याशिवाय घालणार नाही. मिडवाइफ रागावतील असं वाटलेलं, पण त्या हसल्या, स्वतः बसल्या आणि एकेक टाका दाखवत घातला, शेवटचे दोन माझ्याकडून घालून घेतले. साधा हिशोब धरा: जे मिरजेच्या वॉर्डात तुम्हाला एकट्याला करू देत नाहीत ते तिकडंही एकट्यानं करायचं नाही. गरीब देशातली बाई म्हणजे आपल्या हाताच्या सरावाची जागा नाही. "तिकडं खूप प्रोसिजर करायला मिळतात" असं सांगून जो पॅकेज विकतो त्याच्याकडं जाऊच नका.

आणि क्लिनिकल ऑफिसर हे एमबीबीएस नसतात म्हणून त्यांना कमी समजू नका, केनियात आरोग्यसेवेचा मोठा भार तेच ओढतात, मलेरिया आणि बाळंतपणाचं जेवढं त्यांच्याकडून शिकले तेवढं पुस्तकातनं नाही.

पेशंटबरोबर सेल्फी काढून इन्स्टाला टाकणं हा गुन्हाच समजा. खासगी माहिती जपायला युरोपात २०१८ पासून जीडीपीआर कायदा आहे, अमेरिकेत पेशंटच्या माहितीसाठी हिपा आहे, पण कायदा नसला तरी आपल्या आईचा वॉर्डातला फोटो कुणी अनोळखी पोरानं टाकला तर चालेल का?

सुई टोचली तर

हे जायच्या आधी विचारून ठेवायचं असतं, टोचल्यावर नाही. साबण आणि वाहतं पाणी, जखम पिळायची नाही, लगेच सुपरव्हायझरला सांगायचं. एचआयव्हीची पीईपी औषधं, म्हणजे टोचल्यावर लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या, जमलं तर दोन तासात, जास्तीत जास्त ७२ तासात सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. आफ्रिकेतल्या काही भागात एचआयव्हीचं प्रमाण आपल्यापेक्षा बरंच जास्त आहे. त्यामुळं पीईपी कुठल्या खोलीत, रात्री किल्ली कुणाकडं, हे पहिल्याच दिवशी बघून घ्या. इन्शुरन्समधे हे बसतं का ते पण, आणि चुकून पेशंटला काही झालं तर तुमच्यावरची जबाबदारी कोण घेणार हे पण लेखी विचारा, साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समधे ते सहसा नसतं.

बारीकसारीक: लॉगबुकवर दर शुक्रवारी सही घ्या, शेवटच्या दिवशी सर कॉन्फरन्सला गेलेले असतात. नेहमीच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट न्या, कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या आखाती देशातनं जाताना अडचणीत आणतात. भडंग न्या, दोन किलो न्या, हॉस्टेलवर मित्र पटकन होतात.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या परत आल्यावर लगेच बंद करणं ही शेवटची चूक. डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन) असेल तर परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायची असते. आणि घरी आल्यावर पुढच्या दोन-तीन महिन्यात ताप आला तर सांगलीत पावसाळ्यात सगळे डेंगीच म्हणणार, प्लेटलेट बघत बसणार. त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासा, निगेटिव्ह आलं आणि ताप राहिला तर परत तपासा, आणि केसपेपरवर पहिल्या ओळीतच लिहायला लावा की कुठल्या देशातनं आणि कुठल्या तारखेला आलाय.