टेक शेअर फुगलेत वाटतंय? शॉर्ट करायच्या आधी हे हिशोब करा

नुसता पीई (मार्केट कॅप, म्हणजे सगळ्या शेअरची मिळून किंमत, भागिले वर्षाचा नफा) बघून शॉर्ट करायला, म्हणजे उसना शेअर आधी विकून पडल्यावर स्वस्तात परत घ्यायला, निघाला असाल तर आधी थांबा. मार्च 2000 मधली इंटरनेटचे राउटर बनवणारी सिस्को बघा, मार्केट कॅप 500 अब्ज डॉलरच्या वर आणि त्या आर्थिक वर्षाचा नफा जेमतेम 2.7 अब्ज. आता मे 2023 मधली चिपवाली एनव्हिडिया, मार्केट कॅप 750 अब्जाच्या आसपास आणि आधीच्या वर्षाचा नफा 4.4 अब्ज. दोन्हींचा पीई दीडशेच्या पुढे. पण सिस्को अडीच वर्षांत 80 डॉलरवरून 10 च्या खाली आली, आणि एनव्हिडिया 25 मे 2023 ला एका दिवसात 24 टक्के वाढली आणि त्या वर्षाचा नफा जवळपास 30 अब्ज निघाला, म्हणजे जो पीई बघून लोकांनी शॉर्ट केलं तो पीईच खोटा ठरला.

म्हणून हिशोब उलटा करायचा, आजच्या भावात किती वाढ आधीच धरलीये ते काढायचं. सिस्कोचंच घ्या. 500 अब्जाला घेतलेल्या कंपनीने 10 वर्षं वर्षाला 10 टक्के द्यायचे तर ती 1300 अब्जाची व्हायला पाहिजे. दहा वर्षांनी पीई 20 धरला तर नफा हवा 65 अब्ज, म्हणजे 2.7 वरून दरवर्षी 37-38 टक्के वाढ, सलग दहा वर्षं! एवढं करणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

मग बघा गिऱ्हाईक कोण आहे, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. तेव्हा राउटर घेणाऱ्यांत बऱ्याच नव्या टेलिकॉम आणि डॉटकॉम कंपन्या होत्या, त्या स्वतःच्या कमाईवर नाही तर गुंतवणूकदारांच्या आणि कर्जाच्या पैशावर चालायच्या, आणि लुसेंट, नॉर्टेलसारखे विक्रेते तर गिऱ्हाइकालाच माल घ्यायला उधारी देत होते. पैसा आटला आणि ऑर्डरी गेल्या. 2001 मध्ये सिस्कोला दोन अब्ज डॉलरच्या वरचा पडून राहिलेला माल राइट-ऑफ करावा, म्हणजे तोट्यात धरावा लागला. म्हणून ताळेबंदात येणी (गिऱ्हाइकाकडून यायचे पैसे) आणि इन्व्हेंटरी (न विकलेला माल) विक्रीपेक्षा जोरात वाढतायत का, नफा दिसतोय पण कॅश येतेय का, हे प्रत्येक तिमाहीला बघाच.

एवढं बरोबर काढलं तरी वेळ कळत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख ग्रीनस्पॅन डिसेंबर 1996 मध्येच बाजारातल्या अवाजवी उत्साहाबद्दल बोलले, तेव्हा टेक शेअरांनी भरलेला नॅस्डॅक निर्देशांक 1300 च्या आसपास होता, 10 मार्च 2000 ला 5048 झाला. ऑक्टोबर 2002 मध्ये 1114 ला आला खरा, पण ज्याने 1996 ला शॉर्ट केलं तो तोवर टिकलाच नसता. हेज फंड चालवणाऱ्या ज्युलियन रॉबर्टसननी टेकपासून लांब राहून शेवटी मार्च 2000 च्या अखेरीस फंड बंद केला, बाजार वळायला लागला त्याच महिन्यात.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला, उघडा शॉर्ट नको. 100 चा शेअर शॉर्ट केला तर मिळणार जास्तीत जास्त 100, जाणार किती याला मर्यादा नाही. पुट, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर विकायचा मुदतीचा हक्क, घेतला तर त्याला मोजलेली किंमत म्हणजे प्रीमियम जाईल, त्यापलीकडे नाही. पण रिझल्टच्या आदल्या दिवशी घेऊ नका, तेव्हा प्रीमियम फुगलेला असतो आणि शेअर पडूनसुद्धा पुटमध्ये तोटा होऊ शकतो. भाव मोडायला लागलाय, मागच्या तिमाहीपेक्षा वाढ मंदावलीये, असं काहीतरी दिसल्यावर घ्या, आणि सगळा प्रीमियम शून्य झाला तरी घरात जाणवणार नाही एवढ्याच पैशाचा.

आपल्याकडे कॅशमध्ये रिटेलवाल्याला शॉर्ट सहसा इंट्राडेच, म्हणजे त्याच दिवशी मिटवायचा, रात्रभर ठेवायचं तर सहसा फ्युचर (पुढच्या तारखेचा सौदा) किंवा ऑप्शन (पुट हा त्यातलाच). शेअरचे ऑप्शन तीनच महिन्यांचे, त्यामुळे 'दोन वर्षांत पडेल' या मताला तिथे जागा नाही. आणि इन-द-मनी पुट (ठरलेला भाव बाजारभावापेक्षा वर असलेला) एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत ठेवला तर शेअर डिलिव्हर करावे लागतात, ते नसतील तर आधीच विकून मोकळे व्हा. इथून एलआरएसने (परदेशात पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) पैसे पाठवून अमेरिकेत मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, शॉर्ट करता येत नाही. तिकडे राहणाऱ्यांनी, ज्यांचा पगार आणि आरएसयू (कंपनीकडून पगारासोबत टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर) दोन्ही एकाच टेक कंपनीत अडकलेत त्यांनी तर पुटच्या आधी व्हेस्ट झालेले, म्हणजे प्रत्यक्ष नावावर आलेले, थोडे शेअर विकावेत, टॅक्स बघून, आणि स्वतःच्या कंपनीवर पुट घ्यायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते, ती पॉलिसी आधी वाचा.