भाषांतरात नवीन आहात? आधी ‘उतरणे’ नीट बघून घ्या

मी इंग्रजीतून मराठी करायला लागलो तेव्हा पहिलंच काम मिळालं तापाच्या औषधाच्या माहितीपत्रकाचं, आणि त्यात मी बिनधास्त लिहून टाकलं, ‘गोळीने ताप खाली येईल’. तपासणाऱ्या मॅडमनी लाल करून परत पाठवलं, बाजूला एकच ओळ, "तुमच्या घरी ताप खाली येतो का हो?" नाही येत, उतरतो. आई कपाळाला हात लावून काय म्हणते ते लहानपणापासून ऐकलेलं, पण कॉम्प्युटरसमोर बसलं की डोक्यात डाऊन म्हणजे खाली एवढंच.

तर माझा अंदाज असा की खाली येण्यात उतरणं असतं ते बेताबेताने. गड उतरतो, नशा उतरते, कांद्याचे भाव उतरतात. धाडकन झालं की शब्द बदला. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी गेला, त्याला ‘उतरला’ म्हणालात तर वाचणारा हसेल, तो कोसळला. रोजची शंभर-दोनशेची घट असेल तर ‘घसरला’ पुरतं.

खरी गोची पुढेच आहे, कारण जिथे खाली काहीच जात नाही तिथेही हा शब्द हजर. विमा उतरवतात, निवडणुकीत उतरतात, पाहुणे लॉजवर उतरतात, फळ्यावरचं वहीत उतरवून घेतात, तोंड उतरतं, आणि कालची आमटी उतरली म्हणजे ती आंबली, टाकून द्या. ‘उतारा’ तर सातबाऱ्याचा, विषावरचा आणि मराठीच्या पेपरातला, तिन्ही वेगळे. गंमत म्हणजे मूळ संस्कृत ‘उत्तरति’, म्हणजे पाण्यातून बाहेर येणं, पार होणं, आणि त्यातला ‘उत्’ म्हणजे चक्क वर!

अडलात तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, मशीनला विचारण्याआधी तिथे जा. अर्थांची रांग बघून घाबरू नका, उदाहरणं वाचा.

आणि शुद्ध मराठीच्या नादात डाउनलोडला हात लावू नका. एका क्लायंटच्या हट्टापायी मी ‘अ‍ॅप उतरवून घ्या’ लिहिलं होतं, आईला वाचून दाखवलं तर म्हणे, "कुठून, माळ्यावरून?"