एटीव्ही घरी दुरुस्त करताय? निदान या चुका तरी करू नका

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या दापोली साइडला हल्ली एक नवीन खूळ दिसतं, टेम्पोत सामानाबरोबर मुलांसाठी एक छोटी एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, हँडलवाली चारचाकी. ११० नाहीतर १२५ सीसीची, बहुतेक सेकंडहँड. पंधरा-वीस दिवस पुळणीवर हुंदडायचं आणि आगोटीला परत निघताना ती पडवीत लोटून द्यायची. मग गणपतीत फोन येतो, "चालूच होत नाहीये रे, जरा बघ ना." बघ ना म्हणजे मीच बघायची, कारण गावात याचा मेकॅनिक नाही आणि मला नको तिथे पाना घालायची खोड. इतक्या वर्षांत एक कळलंय, यातल्या निम्म्या गाड्या आपोआप बिघडलेल्या नसतातच, मालकाने बिघडवलेल्या असतात.

पाना नंतर, आधी दोरी बघा

ही चूक मी स्वतः केलीय म्हणून आधी सांगतो. चुलतभावाची गाडी, सेल्फ मारला की इंजिन मस्त फिरतंय पण पकडत नाही. मी प्लग काढला, करंट नाही. नवीन प्लग लावला, करंट नाही. कॉइलची वायर साफ केली, सगळे कनेक्टर काढून परत बसवले, मग ठरवून टाकलं की सीडीआय, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, गेला आणि ऑनलाइन मागवूनही मोकळा झालो. अख्खा रविवार गेला, जेवणसुद्धा खळ्यातच बसून. संध्याकाळी त्याची मुलगी आली, चौथीत असेल, म्हणते "काका, ही मागची लाल दोरी अशी बाहेर का आलीय?" या छोट्या गाड्यांना मागे एक दोरी असते, मूल फार जोरात जायला लागलं तर मोठ्या माणसाने ओढून इंजिन बंद करायला. तिची कॅप निघालेली होती. दाबून बसवली, पहिल्या सेल्फला गाडी चालू. तो सीडीआय अजून कपाटात आहे, कोणाला हवा असेल तर सांगा.

तेव्हापासून मी गाडीभोवती एक फेरी मारल्याशिवाय हात लावत नाही. मागची दोरी, हँडलवरचं लाल बटण, पेट्रोलचा कॉक, मग टाकीत खरंच पेट्रोल आहे का. सेल्फच फिरत नसेल तर न्यूट्रल आहे का आणि ब्रेक दाबलाय का, कारण बऱ्याच गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत, आणि त्यानंतर फ्यूज. दोन मिनिटं लागतात. पण लोकांना स्क्रू फिरवायची घाई इतकी की विचारू नका.

खारं पाणी, आणि त्याहून वाईट म्हणजे वॉशिंग सेंटर

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. म्हणजे लाटेतून गाडी नेली की तुम्ही तिला लोणच्यासारखी मुरत घातलीत. तरी रीलसाठी न्यायचीच असते.

आमच्या मेहुण्याने नेली. पाणी उडतंय, मागे सूर्यास्त, सगळं झकास. त्याला निदान गाडी धुवायची एवढी अक्कल होती, पण कुठे धुतली तर प्रेशरवाल्या वॉशिंग सेंटरला, आणि पोऱ्याने नळी थेट चाकाच्या मधोमध धरली. प्रेशरने माती निघते हे खरं, पण तेच पाणी सील ओलांडून बेअरिंगच्या आत शिरतं, आतलं ग्रीस धुऊन काढतं, आणि मग आत राहिलेलं खारट पाणी सावकाश आपलं काम करतं. दोन महिन्यांनी मागून गरगर आवाज. तरी चालवली. मी बघितली तेव्हा मागचं चाक हाताने लटपट हलत होतं. "भावोजी, धुतली होती हो चांगली, प्रेशरने!" तेच तर ना. बेअरिंगची आतली रिंग एक्सलला गंजून चिकटलेली, ठोकून निघेना, गरम करून निघेना, शेवटी ग्राइंडरने कापली आणि त्यात एक्सलला चीर पडली. बेअरिंग काहीशे रुपयांत येतं, एक्सल नाही.

माझी सवय साधी आहे. पुळणीवरून आलो की लगेच, उद्या नाही, विहिरीच्या गोड्या पाण्याने बादली आणि मग्गा घेऊन, नाहीतर नळाच्या बारीक धारेने, खालून वरून सगळं धुवायचं. ब्रेकचा ड्रम, चेन, फूटरेस्टच्या खाली जिथे वाळू साठते तिथे. मग दहा मिनिटं गाडी चालवायची म्हणजे ब्रेक आणि चेन सुकतात. महिन्यातून एकदा मागचा भाग उचलून चाक वरून-खालून धरून हलवून बघतो, थोडा जरी खेळ लागला तर बेअरिंग बदलायचं, आवाजाची वाट बघायची नाही. आणि उचलताना खाली जांभ्याचा चिरा ठेवू नका. दिसतो भक्कम, पण कोपऱ्यावर वजन आलं की भुगा होतो. मी फणसाचा ओंडका ठेवतो.

पाणी एअरबॉक्सपर्यंत, म्हणजे हवेच्या फिल्टरच्या डब्यापर्यंत, गेलं असेल तर सेल्फ मारायचाच नाही, काय वाट्टेल ते झालं तरी. पाणी दाबलं जात नाही, पण कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मग फिरवून आतलं पाणी बाहेर उडवा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर बदला, थोडं चालवून परत बदला, स्वच्छ दिसेपर्यंत.

पेट्रोल भरून पावसाळा काढणे

आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा म्हणजे ओलं फडकंच. कार्बोरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे हिरवट चिकट थर राहतो आणि त्यात सगळ्यात आधी बुजतो तो छोटा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, आयडलवाला, उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणारा. लक्षण ठरलेलं आहे, चोक ओढला की चालू होते आणि चोक सोडला की बंद.

इथे अधीर माणूस काय करतो, बाहेर दिसणारा हवेचा स्क्रू फिरवतो. थोडा इकडे, थोडा तिकडे, मग आयडलचा पण. आता जेटही बुजलेला आणि सेटिंगही गेलेलं. अरे बाबा, फिरवायचाच तर आधी पूर्ण आत जाईपर्यंत किती आटे होतात ते मोज, हलक्या हाताने, आणि भिंतीवर लिहून ठेव. माझ्या पडवीच्या भिंतीवर चार गाड्यांचे आकडे आहेत, बायको दर दिवाळीला रंग काढायचं म्हणते, मी काढू देत नाही.

उपाय एकच, वाटी उघडून जेट काढून क्लीनरने साफ करणे, आणि उजेडाकडे धरून भोक आरपार दिसेपर्यंत थांबणे. सुई नको, टाचणी नको. जेट पितळेचा, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिणार. मी वायरमधली तांब्याची एक बारीक तार घेतो. मुळात हे करावंच लागू नये म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीच्या खालचा स्क्रू ढिला करून उरलेलं थेंबभर पण काढा.

बाकीच्या, पटापट

ऑइलची लिटरची बाटली अख्खी ओतू नका, ११० च्या इंजिनात बहुतेक वेळा ८००-९०० मिलीच लागतं. कारचं उरलेलं ऑइल तर अजिबात नको, यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि घसरायला लागतो. ड्रेन बोल्ट बाहुबलीसारखा आवळू नका, केस अॅल्युमिनियमची आहे, आटा गेला की रडाल.

हवा स्कूटरएवढी भरू नका. टायरवर लिहिलेलं असतं, बहुतेक ३ ते ७ पीएसआयच्या मध्ये. पंपावरच्या गेजला एवढं कमी नीट कळत नाही, सायकलचा हातपंप आणि कमी प्रेशरचा गेज घ्या.

चेनला खोबरेल तेल लावणारा एक शेजारी आहे. काही बोलत नाही मी आता. ग्रीस पण नको, वाळू धरून ठेवतं. गियर ऑइल लावायचं आणि फडक्याने पुसून टाकायचं.

बॅटरी पावसाळ्यात काढून घरात ठेवा, महिन्यातून एकदा चार्ज करा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली जाऊ देऊ नका.

अंगठ्याच्या अॅक्सिलेटरजवळ एक छोटा स्क्रू असतो, स्पीड बांधून ठेवणारा. मुलगा दोन दिवसात "स्लो आहे" म्हणतो आणि बाप तो काढून टाकतो. आठ वर्षांच्या पोराला काय घाई आहे मला कळत नाही, घाई बापालाच असते.

आणि गणपतीत सेल्फ मारायच्या आधी एअरबॉक्स उघडा. मागच्या वर्षी एकात उंदराने घर केलं होतं, फिल्टरचा फोम कुरतडून त्याची गादी, वर काथ्या, सात-आठ सुपाऱ्या आणि कोणाच्या तरी लहान मुलाचा एक मोजा. दुसरा मोजा मिळाला नाही.