टर्कीच्या शिकारीआधी बंदूक कागदावर तपासा

अमेरिकेत वसंतातल्या टर्की (कोंबडीसारखा मोठा रानपक्षी) शिकारीच्या सीझनसाठी नवी शॉटगन (एका बारात अनेक छरे सोडणारी बंदूक) घेतली की पहिला फटका खिशाला बसतो. टर्कीची काडतुसं महाग, आणि नेम जुळवण्यातच अर्धा डबा संपतो. ती आधी उघडूच नका.

१. क्ले पिजनसाठी (हवेत उडवलेल्या चकत्यांवर नेमबाजी) मिळणारी स्वस्त, हलकी काडतुसं घ्या. बंदूक टेकवून २० यार्डांवरून मोठ्या कागदावर तीन बार काढा. छऱ्यांचा झुबका डावीकडे-उजवीकडे, वर-खाली कुठे सरकतोय ते बघून साइट (नळीवरची नेम धरायची खूण) तेवढीच फिरवा. खांदाही शाबूत राहतो.

२. आता टर्कीचा चोक (छरे एकत्र ठेवणारी, नळीच्या तोंडाशी बसणारी छोटी नळी) बसवा आणि खरं काडतूस भरा. कागद ४० यार्डांवर. जड काडतूस कधी कधी वेगळीकडे लागतं, त्यामुळे हा बार टाळू नका.

३. जिथे सगळ्यात दाट छरे पडलेत तिथे १० इंचांचं वर्तुळ काढा (जेवणाची छोटी ताटली चालते) आणि आतली भोकं मोजा. शंभरच्या आसपास भरली तर ठीक. साठच भरली तर बंदुकीला दोष देऊ नका. काडतूस किंवा चोक बदला, नाहीतर ३० यार्डांपलीकडे बार काढायचा नाही असं ठरवा. टर्कीच्या डोक्या-मानेवर नेम धरायचा असतो, ती जागा मुठीएवढीच.

चोक बदलताना बंदूक रिकामी आहे ना, हे चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागी) बोट घालून बघा. आणि ते काडतूस त्या चोकला चालतं का, हे चोकच्या डबीवर वाचा.