लहान मुलांच्या टिक्स : घरच्यांनी काय करावे आणि काय टाळावे

पाच-सहा वर्षांचे मूल एके दिवशी अचानक डोळे मिचकावू लागते, नाक आक्रसते, खांदा उडवते किंवा सर्दी-खोकला नसतानाही सतत खाकरते, आणि घरातला प्रत्येक जण त्याला टोकू लागतो. “डोया काब्र मिचकावस रे?” (डोळे का मिचकावतोस रे?) हा प्रश्न जळगाव-धुळ्याकडच्या घरांत अशा मुलाला दिवसातून कितीदा तरी ऐकावा लागतो. त्याला उत्तर देता येत नाही, कारण ते हे मुद्दाम करत नसते. या अनैच्छिक हालचालींना आणि आवाजांना टिक म्हणतात. त्या बहुधा वयाच्या ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान सुरू होतात, १० ते १२ वर्षांच्या सुमारास सर्वाधिक जाणवतात आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये पुष्कळ ओसरतात. शाळकरी वयात सुमारे पाचांपैकी एका मुलात कधी ना कधी टिक दिसते; मुलींपेक्षा मुलग्यांत त्यांचे प्रमाण अधिक असते.

सर्वांत आधी टोकणे पूर्णपणे थांबवावे. ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचीही आहे. शिंक येण्यापूर्वी नाकात जशी हुळहुळ होते, तशी टिकपूर्वी अनेक मुलांना त्या जागी एक अस्वस्थता जाणवते आणि हालचाल केल्यावर क्षणभर मोकळे वाटते. लहान मुलांना ती शब्दांत सांगता येत नाही. मूल थोडा वेळ टिक दाबून धरू शकते. म्हणूनच वर्गात शांत बसलेला मुलगा घरी येताच भरभर मान झटकू लागतो आणि पालकांचा समज होतो की तो आपल्यासमोर नाटक करतो. प्रत्यक्षात त्याने दिवसभर धरून ठेवलेले घरी सुटते, कारण घर त्याला सुरक्षित वाटते. रागावल्याने, नक्कल केल्याने किंवा “आज कमी झाले बघ” अशा कौतुकानेही लक्ष पुन्हा टिककडे वळते आणि ती वाढते. ही गोष्ट केवळ आईवडिलांनी समजून भागत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या आत्या, श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी जमलेले भाऊबंद, शेजारच्या काकू या सर्वांना मुलाच्या पाठीमागे आधीच सांगून ठेवावे. अशा प्रसंगी टिक्स वाढल्या तर घाबरू नये. ताणाप्रमाणे आनंदाच्या उत्साहानेही त्या वाढतात.

त्यानंतर दोन-तीन आठवडे मुलाच्या नकळत निरीक्षण करावे. हालचाल कोणती, दिवसाच्या कोणत्या वेळी, खेळताना, टीव्हीसमोर, अभ्यासाच्या वेळी की जागरणानंतर, हे एका वहीत थोडक्यात लिहावे. मोबाइलवर एक-दोन लहान चित्रफिती घ्याव्यात, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर टिक बहुधा दिसतच नाही. टिक्स कमी-जास्त होत राहतात. डोळ्यांची थांबते आणि मानेची सुरू होते. त्यामुळे एखाद्या औषधाने ‘गुण आला’ असे लगेच मानू नये.

प्रत्येक मिचकावणे टिक नसते. डोळ्यांना खाज, लाली किंवा पाणी येणे असल्यास ॲलर्जी असू शकते, तर फळ्यावरचे दिसत नसल्यास चष्म्याचा नंबर असू शकतो, म्हणून नेत्रतपासणी करून घ्यावी. मात्र पुढील लक्षणे दिसली तर निरीक्षणात वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे. मूल काही सेकंद एकटक पाहत राहते आणि हाकेला प्रतिसाद देत नाही, शुद्ध हरपते, किंवा झोपेत झटके येतात, तेव्हा आकडीची शंका घ्यावी लागते. वर्षाच्या आतील बाळ पुन्हा पुन्हा ओळीने दचकल्यासारखे वाकत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. घसा दुखून ताप येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातपाय वेडेवाकडे हलू लागले, हातातली वस्तू पडू लागली, अक्षर बिघडले, तर तो संधिवाताच्या तापाचा (रुमॅटिक फिव्हरचा) परिणाम असू शकतो आणि त्यात हृदयाची तपासणी आवश्यक असते.

तपासणीसाठी प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे जावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांना तपासते. गरज वाटल्यास ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवते. सातपुड्याच्या पाड्यांवरील कुटुंबांनी या पथकाला मुलाची वही आणि चित्रफीत अवश्य दाखवावी. मुलाची दृष्ट काढल्याने आजीला धीर येत असेल तर काढावी, पण मुलाला मारहाण, चटके किंवा उपाशी ठेवणे असले उपाय कोणालाही करू देऊ नयेत.

घरी झोपेची वेळ सांभाळावी. खान्देशातल्या मे महिन्यातील रात्री उकाड्यामुळे मुलांची झोप मोडते, तेव्हा दुपारची विश्रांती द्यावी. मुलाला आवडणारा खेळ, चित्रकला किंवा पोहणे सुरू ठेवावे. मन रमते तेव्हा टिक्स कमी होतात. शिक्षकांना भेटून मुलाला वर्गात उभे न करण्याची, चिडवणाऱ्यांना आवरण्याची आणि गरज भासल्यास दोन मिनिटे बाहेर जाऊ देण्याची विनंती करावी.

मूल साधारण आठ-नऊ वर्षांचे झाले, टिकची चाहूल त्याला कळू लागली आणि टिकचा त्याला स्वतःला त्रास होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ त्याला सवय बदलण्याचे प्रशिक्षण देऊ शकतात. त्यात चाहूल लागताच टिकच्या विरुद्ध, इतरांच्या लक्षात न येणारी हालचाल करायला शिकवतात. मान झटकली जाणार असेल तर हनुवटी हळूच खाली घेऊन मानेचे स्नायू स्थिर धरणे, हे त्याचे एक उदाहरण.

एक वर्षाच्या आत थांबलेल्या टिक्सना बहुधा उपचार लागत नाहीत. हालचालीच्या अनेक टिक्स आणि निदान एक आवाजाची टिक मिळून वर्षाहून अधिक काळ राहिल्या, तर डॉक्टर टूरेट सिंड्रोमचा विचार करतात. अशा मुलांत अतिचंचलता किंवा तेच ते विचार आणि कृती करण्याचा त्रासही असू शकतो, आणि अनेकदा टिकपेक्षा तोच अभ्यासात अधिक आड येतो, म्हणून त्याबद्दल स्वतःहून विचारावे. मुलाला दुखत असेल, इजा होत असेल किंवा शाळेत जाणे नकोसे झाले असेल तरच औषधांचा विचार होतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावीत, आणि टिक्स कमी दिसल्या तरी त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.