मिररमधली एक डिस्क गेली, सर्व्हर गावात अन् आपण दूर: डिस्क कशी बदलायची

आपल्याकडे आता जिनिंगमध्ये, पतसंस्थेत, गावच्या गोदामात एखादा लहानसा लिनक्स सर्व्हर असतो, त्यात दोन डिस्क मिररमध्ये म्हणजे रेड १ मध्ये (एकच डेटा दोन्हींवर) लावलेल्या, आणि तो सांभाळणारा माणूस मात्र अमरावती नाहीतर नागपूरला बसून असतो. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पार जातो, लाइट येऊन-जाऊन राहते, आणि अशात कधीतरी एक डिस्क ॲरेतून म्हणजे त्या जोडीतून बाहेर पडते. सर्व्हर चालूच राहतो म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

लक्षात घ्या, एक डिस्क गेल्यानं डेटा जात नाही. डेटा जातो तो घाईगर्दीत चांगली डिस्क उपसल्यानं, नाहीतर रिकाम्या डिस्कची रचना चांगलीवर उतरवल्यानं. म्हणून चांगली कोणती हे पक्कं ठरल्याशिवाय कशालाच हात लावू नका. (कमांडची नावं इथं देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा, फक्त एसजीडिस्कचे -आर आणि -जी मोठ्या अक्षरांत.)

आधी लॉगिन करून टीमक्स किंवा स्क्रीन (नेट तुटलं तरी कमांड चालू ठेवणारे प्रोग्रॅम) सुरू करा, काहून की गावाकडचं नेट मधेच तुटतं आणि अर्धवट राहिलेली कमांड लय त्रास देते. मग /प्रॉक/एमडीस्टॅट ही फाइल कॅट करून पाहा. कंसात दोन यू दिसले तर जोडी ठीक आहे, एक यू आणि एक अंडरस्कोर दिसला तर ॲरे डिग्रेडेड म्हणजे एकाच डिस्कवर चालू आहे. एमडीएडीएम (ॲरे सांभाळणारी कमांड) --डिटेल दिलं की कोणतं पार्टिशन फॉल्टी किंवा रिमूव्हड आहे ते कळतं. एकाच डिस्कवर बूट, रूट, डेटा असे तीन ॲरे असतील तर तिन्ही पाहा, कधीकधी एकच ॲरे तुटलेला दिसतो आणि बाकीचे दोन अजून त्याच आजारी डिस्कवर चालू असतात.

दुसरं काम बॅकअप, आणि हे दुरुस्तीच्या आधी. मिरर म्हणजे बॅकअप नाही, आणि रिबिल्डमध्ये म्हणजे नवीन डिस्कवर सगळं परत उतरवताना उरलेली डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जाते, तेव्हाच तिचे लपलेले खराब सेक्टर वर येतात. दोन्ही डिस्क बहुतेक एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच उन्हाळ्यात तापलेल्या, त्यामुळे दुसरीवर आंधळा भरवसा नको. सगळा डेटा नेटवरून ओढणं जमत नाही, तर डेटाबेसचा डंप तेवढा आरसिंकनं --पार्शल लावून (तुटलेली कॉपी ठेवून पुढे चालू होते) आपल्याकडे घ्या, आणि बाकीचं तिथल्या माणसाला यूएसबी डिस्क लावायला सांगून त्यावर उतरवा.

आता डिस्क खरंच गेली का ते पाहू. स्मार्टसीटीएल -ए (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) दोन्ही डिस्कवर चालवा. ५, १९७ आणि १९८ या ओळींचे आकडे वाढलेले असतील तर डिस्कच्या आतला पत्रा (प्लॅटर) खराब होऊन राहिला, डिस्क बदला. पण हे तिन्ही शून्य आहेत आणि १९९ म्हणजे सीआरसी एररचा (केबलवरून डेटा येताना झालेल्या चुकांचा) आकडाच वाढतोय, तर आधी केबल पाहा. जिनिंगमधली रुई आणि धूळ पेटीत जाऊन बसते, साफसफाई करताना केबल ढिली होते, असं होतंच. १९९ चा आकडा परत शून्य होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो पुढे वाढतो का तेवढं पाहायचं. केबलच निघाली आणि ॲरेला बिटमॅप (कोणता भाग बदलला याची नोंद) असला तर --री-ॲड दिल्यावर फक्त मधल्या काळात बदललेला भागच कॉपी होतो, काम लवकर आटोपतं.

यापुढचा भाग सावकाश करा. एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका, रीबूट झाल्यावर ती अदलाबदल होऊ शकतात. दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर स्मार्टसीटीएल -आय नं काढा, कागदावर लिहा, एकीपुढे "चांगली" आणि दुसरीपुढे "काढायची" असं. शंका राहिली तर दोन्हींच्या पार्टिशनवर एमडीएडीएम --एक्झामिन चालवून इव्हेंट्सचा आकडा पाहा, ज्याचा जास्त तो ताजा. मग खराब डिस्कचं प्रत्येक पार्टिशन आपापल्या ॲरेतून आधी --फेल, मग --रिमूव्ह करा. तिच्यावर स्वॅप असेल तर स्वॅपऑफ करा.

मशीन बंद करूनच डिस्क बदलायची असेल (साध्या पेटीत हेच होतं) तर बंद करण्याआधी चांगल्या डिस्कवर ग्रब-इन्स्टॉल चालवा. बूटलोडर (मशीन सुरू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम) फक्त गेलेल्या डिस्कवरच होता असं निघालं तर सर्व्हर परत उठणार नाही आणि तुम्हाला रात्रीच एसटी पकडावी लागेल. यूईएफआय (नव्या पद्धतीनं बूट होणारं) मशीन असेल तर ईएफआय पार्टिशन म्हणजे त्याच्या बूट फाइलींचा भाग सहसा मिररमध्ये नसतं, त्याचीही प्रत चांगल्या डिस्कवर आहे का ते पाहा.

तिथं जो कोणी असेल, ऑपरेटर म्हणा की गोदामातला पोरगा, त्याला फोनवर "उजवीकडची काढ" असं कधीच सांगू नका, त्याची उजवी कोणती हे तुम्हाला दिसत नाही. म्हणा, "भाऊ, लाइट बंद करा, डिस्कवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा." फोटोतला नंबर कागदाशी जुळला की मगच "आता काढा". यूपीएसची बॅटरी किती टिकते तेही त्याच फोनमध्ये विचारून घ्या.

नवीन डिस्क तेवढीच किंवा मोठी पाहिजे, थोडी लहान असली तरी जमत नाही. शक्यतो एसएमआर (एकावर एक चढलेल्या ट्रॅकवर लिहिणारी) नको, रिबिल्डमध्ये ती फार रेंगाळते. मशीन उठलं की परत सिरियल नंबर तपासा, नावं बदललेली असू शकतात. पार्टिशनची रचना उतरवायला जीपीटी (नव्या पद्धतीचं पार्टिशन टेबल) असेल तर एसजीडिस्क -आर (मोठा R). इथं जरा थांबा, -आर च्या लगेच पुढे नवीन डिस्क येते आणि शेवटी जुनी चांगली. उलटं लिहिलं तर चांगल्या डिस्कचं टेबलच पुसलं जातं. एंटर मारायच्या आधी ओळ मोठ्यानं वाचा. मग नवीन डिस्कवर एसजीडिस्क -जी (मोठा G), म्हणजे तिला स्वतःचे वेगळे ओळख क्रमांक मिळतात.

नंतर प्रत्येक ॲरेला --ॲड. /प्रॉक/एमडीस्टॅटमध्ये रिकव्हरीचा टक्का चढताना दिसेल. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीनं चालली तर जवळपास साडेसात तास, लोकांचं काम चालू असलं तर जास्त. तुमचं नेट तुटलं तरी काही होत नाही, हे काम कर्नल करतो. यूपीएस संपत आला असं दिसलं तर लाइट जायची वाट पाहू नका, नीट शटडाऊन करा, ॲरेच्या मेटाडेटाची (त्याच्या नोंदीची) आवृत्ती १.एक्स असेल तर रिकव्हरी राहिली तिथूनच पुढे सुरू होते. उन्हाळ्यात हे काम मी संध्याकाळनंतरच लावायला सांगेन, मधेमधे १९४ नंबरची ओळ म्हणजे तापमान पाहत राहा, ५५ च्या पुढे जाऊन राहिलं तर पेटीसमोर पंखा लावायला सांगा आणि स्पीड_लिमिट_मॅक्स (रिबिल्डचा कमाल वेग) खाली आणा, मुळात तो सेकंदाला २००००० केबी असतो.

दोन यू परत दिसले की नवीन डिस्कवरही ग्रब-इन्स्टॉल करा, ईएफआय पार्टिशनची प्रत टाका, आणि स्वॅप किंवा ईएफआयचं यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदललं असेल तर एफएसटॅब (बूट होताना जोडायच्या पार्टिशनची यादी) दुरुस्त करा. एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये MAILADDR या ओळीत तुमचा ईमेल भरा, --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट --टेस्ट चालवून मेल खरंच येतो का ते पाहा, आला नाही तर मेलचं सेटिंग त्याच दिवशी लावून घ्या. काढलेली डिस्क भंगारात देऊ नका, तिच्यावर सभासदांचे आधार आणि खाते नंबर असतात, आधी ड्रिलनं आरपार भोकं पाडायला सांगा आणि मग तिचा फोटो मागवा.