‘चौसष्ट बिट आहे ना, मग चालणारच’: लिनक्सवर पॅकेज टाकताना या चुका टाळा

पाऊस लागला की कुडाळात माझ्या टेबलावर दोन जातींची मशिनं येतात. काहींना खरोखरच ओलीने खाल्लेलं असतं. बाकीची ठणठणीत असतात, फक्त मालकाने त्यांना न झेपणारं पॅकेज त्यांच्या गळी उतरवायचा प्रयत्न केलेला असतो. ओलीबद्दल माझी तक्रार नाही. कोकणात दुकान टाकलंय तर ती असणारच. दुसऱ्या जातीबद्दल मात्र तेच तेच सांगून तोंड दुखलंय, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कमांड उच्चारतो तशा लिहिल्या आहेत, टर्मिनलात त्या रोमन लिपीतच द्यायच्या.

‘माझा इंटेल आहे, एएमडीची फाईल कशाला घेऊ?’

डाउनलोडच्या यादीत ‘एएमडी६४’ दिसलं की इंटेलवाले बिचकतात आणि शेजारची ‘आय३८६’ (ती ३२ बिटांची) उचलतात, कारण तिच्यात निदान ‘आय’ तरी आहे. ६४ बिटांचा हा आदेशसंच एएमडीने २००३ मध्ये आधी बाजारात आणला, इंटेलने नंतर तोच घेतला आणि नाव चिकटून राहिलं. एएमडी६४ आणि एक्स८६-६४ म्हणजे एकच. एआरएम६४ हे मात्र वेगळं घराणं. आकडा जुळला म्हणून ते इंटेलवर चालत नाही. ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ दिसला तर बहुधा तुम्ही हेच केलंय.

लिबसीची फाईल पेनड्राइव्हवरून आणणं

ही चूक पाहिली की माझं डोकं फिरतं, म्हणून जरा सविस्तर. लिबसी म्हणजे बाकीचे प्रोग्राम ज्यातून मूलभूत फंक्शनं घेतात ती सामायिक लायब्ररी, आणि बहुतेक लिनक्सवर तिचा जो प्रकार असतो तो जीलिबसी.

देवगडातल्या एका आंबा पॅकिंगच्या शेडमध्ये पेट्यांची लेबलं छापायला एक जुनं मशीन होतं, सेंटओएस ७ या लिनक्सच्या वितरणावर. तिथल्या पोराला लेबलाचा प्रोग्राम नवा करायचा होता, त्याला नोड १८ (जावास्क्रिप्टचे प्रोग्राम चालवणारं पॅकेज) लागत होतं. टाकलं, तर उत्तर आलं की ‘जीलिबसी २.२८ सापडलं नाही’. सेंटओएस ७ मध्ये जीलिबसी २.१७ असतं, म्हणजे संदेश अगदी खरा होता. इथे थांबून मला फोन केला असता तर विषय दहा मिनिटांत संपला असता. फोन आला, पण तासाभराने.

“काका, मशीन उठना नाय.”

“काय केलंस?”

“काय नाय, एक फाईल बदललंय. ता २.२८ मागी होता, माझ्या लॅपटॉपवर २.३५ होता. म्हटलंय जास्ती आसा, तर बराच.”

त्याने आपल्या उबुंटू २२.०४ वरून लिबसीची फाईल पेनड्राइव्हवर घेतली, सेंटओएसमध्ये नेऊन ठेवली आणि ‘लिबसी.एसओ.६’ ची लिंक (खऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी पाटी) तिच्याकडे वळवली. त्याच क्षणी ‘एलएस’ मेलं, ‘सीपी’ मेलं, ‘एमव्ही’ मेलं. मग कुणीतरी शेजारून सल्ला दिला, रिस्टार्ट कर. त्याने केलं. आता तर कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, सुरुवातीची पहिली प्रक्रियासुद्धा उभी करता येईना.

असं का होतं? मशीनवरची जवळपास प्रत्येक कमांड लिबसीवर उभी असते, आणि लिबसी व तिला मेमरीत चढवणारा लोडर ही एकाच आवृत्तीची जोडी असते. लोडर २.१७ चा आणि लिबसी २.३५ ची, तर दोघांचं एकमेकांशी बोलणंच होत नाही. लिबसीतल्या प्रत्येक फंक्शनवर आवृत्तीचा शिक्का असतो. जुन्या शिक्क्यांवर बांधलेला प्रोग्राम नव्या लिबसीवर चालतो, कारण ती जुने शिक्के सांभाळून ठेवते. नव्यावर बांधलेला जुन्यावर चालत नाही, कारण तो शिक्का तिथे नसतोच. हा रस्ता एकाच दिशेचा आहे.

कुडाळहून देवगडला मी लाइव्ह लिनक्सची पेनड्राइव्ह खिशात घालून निघालो. कणकवली गाठली, नांदगाव तिठ्यावरून आत वळलो, पोचायला दोन तास गेले. शेडमध्ये चार बायका खोक्यांवर स्केचपेनने नावं घालत होत्या आणि मालक माझ्याकडे न बघता मोबाईलवर कुणाला तरी ‘गाडी थांबवून ठेव’ म्हणत होता. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं, डिस्क जोडली, लिंक पुन्हा ‘लिबसी-२.१७.एसओ’ कडे फिरवली. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. पोराने मूळ फाईल पुसली नव्हती, फक्त लिंक वळवली होती, एवढंच त्याचं नशीब.

रिस्टार्ट केलं नसतं तर मला जावंही लागलं नसतं. रूटचं (सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याचं) उघडं टर्मिनल जिवंत असतं, आणि ‘एसएलएन’ नावाची छोटी कमांड नेमकी अशाच वेळेसाठी असते. ती लिबसीवर अवलंबून नसते, त्यामुळे सगळं मेलं तरी ती लिंक बदलू शकते. तर लिबसीचा घोळ झालाच, तर टर्मिनल बंद करू नका, रिस्टार्ट तर मुळीच नको.

त्या मशीनवर मी हंगामापुरतं नोड १६ ठेवलं, ते २.१७ वर मुकाट चालतं. पावसात शेड रिकामी झाल्यावर डेबियन १२ घातलं, त्यात जीलिबसी २.३६ आहे. यापेक्षा जवळचा रस्ता कुणी सांगत असेल तर त्याला आधी विचारा, मशीन बसलं तर यायला किती वेळ लागेल.

आपल्याकडे कोणती लिबसी आहे ते ‘एलडीडी --व्हर्जन’ पहिल्या ओळीतच सांगते. प्रोग्रामला कोणती हवी ते ‘ऑब्जडम्प -टी’ देऊन (टी मोठ्या लिपीतला) जीलिबसीचे शिक्के गाळून बघावं. त्यातला सगळ्यात मोठा आकडा तोच खरा. अनोळखी फाईलवर नुसतं ‘एलडीडी’ चालवू नका, काही वेळा ते ती फाईलच चालवून बसतं.

आवृत्तीचा आकडा दशांश समजणं

२.४ मोठं की २.१७? शाळेतला मुलगा २.४ म्हणेल आणि गणितात तो बरोबर आहे. आवृत्तीत मात्र २.१७ मोठं. सातबारा डोळ्यांपुढे आणा: सर्व्हे नंबर २ चा हिस्सा ४ आणि हिस्सा १७, त्यात सतरावा नंतरचाच. घरी लिहिलेल्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये ही चूक मी इतकी पाहिलीय की आता स्क्रिप्ट हातात आली की आधी तुलनेचीच ओळ शोधतो. ‘सॉर्ट -व्ही’ वापरा (हाही मोठ्या लिपीतला), त्याला हिस्से कळतात.

प्रोसेसरचं वय बघून अंदाज बांधणं

मालवणहून एक गृहस्थ सेकंडहँड मशीन घेऊन आले. आत पेंटियम जी४५६०, २०१७ चा. मोंगोडीबी ५ हा डेटाबेस सुरू केला की ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून जागच्या जागी आडवं. आपल्याकडे मशीन अडलं की पहिला इलाज ठरलेला: रॅम काढायची, पट्टीला खोडरबर घासायचं, परत बसवायची. दहातल्या सहा वेळा ते लागूही पडतं, खाऱ्या हवेत पट्टी काळी पडतेच. यांनी तीनदा घासली होती. मग नवी रॅमही विकत घेतली होती.

रॅमचा काही संबंध नव्हता. मोंगोडीबीला ५.० पासून एव्हीएक्स नावाचे आदेश लागतात. इंटेलने ते २०११ मध्येच आणले, पण स्वस्त पेंटियम-सेलेरॉनमध्ये पुढे कित्येक वर्षं दिलेच नाहीत. त्यामुळे २०१७ चा पेंटियम नापास, आणि २०११ चा आय३ पास. ‘काका, सातव्या पिढीचा आहे’ हे वाक्य म्हणून मला ऐकवू नका. ‘एलएससीपीयू’ चालवा आणि फ्लॅगच्या (प्रोसेसरला काय काय येतं त्या यादीच्या) गर्दीत एव्हीएक्स आहे का ते डोळ्यांनी बघा. त्यांना मी मोंगोडीबी ४.४ घालून दिलं. नव्या रॅमचे पैसे मात्र गेले ते गेले.

आता वितरणंसुद्धा पायऱ्या मोजू लागली आहेत. प्रोसेसरला कोणते आदेश येतात त्यावरून एक्स८६-६४ च्या चार पायऱ्या ठरल्या आहेत. रेड हॅट ९ ला दुसरी लागते, १० ला तिसरी, आणि तिसरीत एव्हीएक्स२ येतं. जीलिबसी २.३३ किंवा पुढची असेल तर लोडरलाच ‘--हेल्प’ देऊन विचारता येतं, तो कोणकोणत्या पायऱ्या चालतील ते लिहून देतो.

व्हर्च्युअल मशीनवाल्यांनो, तुमचा प्रोसेसर भारी असला तरी क्यूईएमयूच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) मूळ सेटिंगमध्ये आतल्या पाहुण्या सिस्टिमला एव्हीएक्स दिसत नाही. सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ करा आणि मग मला फोन करा. बहुधा करावा लागणार नाही.

‘युनेम -एम’ वर आंधळा विश्वास

वेंगुर्ल्याकडे एका कोळंबी प्रकल्पावर पाण्याचं तापमान नोंदवायला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक लावलेला. ‘युनेम -एम’ म्हणतं एआर्च६४ (एआरएम६४ चंच दुसरं नाव), म्हणून ६४ बिटांचं पॅकेज आणलं. चालवलं तर ‘नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’. फाईल समोर दिसतेय आणि मशीन म्हणतंय फाईलच नाही! माणूस घाबरला, मेमरी कार्ड गेलं समजून नवीन आणलं.

युनेम फक्त कर्नलबद्दल सांगतं. २०२३ पासून पायवर ३२ बिटांच्या सिस्टिमलाही ६४ बिटांचं कर्नल मिळू लागलं. वरचा सगळा संसार, म्हणजे बाकीचे प्रोग्राम आणि लायब्ररी, मात्र ३२ बिटांचाच. न सापडलेली फाईल तुमची नसतेच, तिला चढवणारा ६४ बिटांचा लोडर तिथे नसतो. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’ विचारा. ‘आर्महफ’ म्हणालं तर ३२ बिट, विषय संपला.

बाकीच्या, झटपट

अल्पाइन लिनक्सवर जीलिबसी नाहीच, तिथे मसल नावाची वेगळी लिबसी आहे. पायथनच्या व्हीलच्या (तयार पॅकेजच्या) नावात ‘मसललिनक्स’ शोधा, ‘मेनीलिनक्स’ घेऊन भांडू नका.

‘--नोडेप्स’, ‘--फोर्स’ वगैरे देऊन पॅकेज जबरदस्तीने घालणं म्हणजे गळणाऱ्या छपराखाली बादली न ठेवता डोळे मिटणं.

इंटरनेटवरची स्क्रिप्ट न वाचता थेट सुडो बॅशमध्ये (म्हणजे पूर्ण अधिकारांनी) ओतणाऱ्यांकडून मी आता आगाऊ पैसे घेतो.

आणि तपासणी डाउनलोडच्या आधी करा. जुलैत वीज जाते-येते, मोबाईलचा हॉटस्पॉट रडत रडत चारशे एमबी उतरवतो, आणि मग कळतं फाईल भलत्याच घराण्याची.

माझी सवय अशी आहे: मशीन पहिल्यांदा हातात आलं की चार गोष्टी विचारतो आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून मार्करने लिहून ठेवतो. कर्नल कुठलं, वरचा संसार किती बिटांचा, लिबसीची आवृत्ती, एव्हीएक्स आहे की नाही. देवगडच्या मशीनलाही लिहिलं होतं. परवा पंखा बदलायला झाकण उघडलं, तर खाली त्या पोराच्या अक्षरात पाचवी ओळ होती: ‘लिबसीक हात लावचो नाय.’